कर्नल बदलला आणि काँप्युटर उठेना : पडद्यावरच्या एका ओळीची समीक्षा

एकोडीच्या या व्याख्यानात आम्ही समीक्षा करणार आहोत, पण कथा-कवितेची नाही. काही ओळी अशा असतात की त्या चुकीच्या वाचल्या तर माणूस वर्षभराचं काम स्वतःच्या हातानं पुसून बसतो. त्यांचीही चिकित्सा कुणीतरी करायला हवी. आजची ओळ ही : ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग : व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’.

ही ओळ भेटते कशी? जुना काँप्युटर असतो, विंडोज त्याला जड जाते म्हणून कुणीतरी उबुंटू किंवा मिंट टाकून दिलेलं असतं. एक दिवस अपडेट येतं, आपण ‘हो’ म्हणतो, मशीन बंद करून पुन्हा चालू करतो आणि काळ्या पडद्यावर ही पांढरी अक्षरं. बाहेर पीकविम्याचा अर्ज भरायला माणसं उभी, मुदत जवळ आलेली. अशा वेळी पॅनिक हा शब्द वाचणाऱ्यालाच जास्त लागू पडतो.

आधी कर्नल. सैन्यातला नव्हे. पुस्तकांत ‘गाभा’ असं भाषांतर करतात, ते आम्हाला पुस्तकीच वाटतं. धानाच्या जिल्ह्यात याहून सोपं सांगता येईल : तुसाच्या आतला दाणा म्हणजे कर्नल. वरच्या कवचाला इंग्रजीत शेल म्हणतात, आणि आपण ज्यात आज्ञा टाइप करतो त्या वरच्या थराचं नाव शेलच आहे. दाणा आत, कवच बाहेर. हा दाणा डिस्क, मेमरी, कीबोर्ड, सगळ्यांशी बोलतो. अपडेटमध्ये तोच बदलला जातो.

आता गंमत बघा. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर असतो डिस्कवरच. खोलीची किल्ली खोलीत राहिली तसं हे झालं. त्यावर उपाय म्हणून कर्नलला प्रवासाला निघताना एक शिदोरी बांधून देतात. तिचं नाव इनिट्रॅमएफएस. डिस्कपर्यंत पोचण्यापुरते ड्रायव्हर तिच्यात असतात. मशीन चालू झालं की ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम ‘बूट’ या फोल्डरमधून कर्नल आणि शिदोरी दोन्ही उचलतो. अपडेटच्या वेळी आधी नवा कर्नल ठेवला जातो, मग त्याची शिदोरी बांधली जाते, मग ग्रबची यादी नव्यानं लिहिली जाते. या मधल्या टप्प्यात लाइट गेली, किंवा बूटचा भाग वेगळा आणि लहान असून तो भरला, तर दाणा आहे पण शिदोरी नाही, किंवा अर्धीच आहे.

हे कळल्यावर ती ओळ पुन्हा वाचा. सगळ्यात भीतीदायक वाटतात ते ‘नॉट सिंकिंग’ हे शब्द. काहीतरी जुळत नाही, बिघडलं, असं वाटतं. खरा अर्थ जवळजवळ उलटा आहे : गडबड झाली आहे, म्हणून मेमरीतलं काही मी डिस्कवर लिहायला जात नाही. शिवाय या ओळीत तर मूळ डिस्क जोडलीच गेलेली नाही, म्हणजे या फेरीत तुमच्या फायलींना कुणी हात लावलेला नाही. एवढा दिलासा देणारी गोष्ट इतक्या घाबरवणाऱ्या शब्दांत सांगितलेली आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

कंसातले आकडे त्याहून बोलके. शून्य-शून्य म्हणजे कर्नलला डिस्कच सापडली नाही. बहुतेक वेळा शिदोरी गायब. तिथं (८,१) असतं तर पहिल्या साटा डिस्कचा पहिला भाग सापडला पण वाचता आला नाही, असा अर्थ झाला असता. निदान ओळीत आहे. फक्त ते ज्यानं कर्नल लिहिला त्याच्यासाठी लिहिलं आहे.

विंडोजवाल्यांनी हसू नये. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीनं निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहावे लागले. तिथंही बिघाड कर्नलच्या पातळीवर चालणाऱ्या ड्रायव्हरमधला. पडदा सांगत होता की मशीन रीस्टार्ट करायला हवं, आणि रीस्टार्ट केलं की बऱ्याच ठिकाणी पुन्हा तोच पडदा.

आमची खरी तक्रार मात्र उपाय सांगणाऱ्यांवर आहे. ‘ही आज्ञा चालवा, नाही जमलं तर ही, नाही तर फॉरमॅट मारा.’ मशीन कुठं थांबलं, हे कुणी विचारत नाही. ग्रबची यादीच दिसली नाही, तर दुखणं कर्नलच्या आधीचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन्ही सिस्टिम असलेल्या काही मशीनवर लिनक्स सुरूच होईना; तिथं कर्नल बिचारा निर्दोष होता. यादी दिसली आणि नंतर वरची ओळ आली, तर शिदोरी बघा. सगळं सुरू झालं पण पडदा काळाच राहिला, तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर संशय घ्या. तीन वेगळी दुखणी, आणि औषध सगळ्यांना एकच, फॉरमॅट!

वास्तविक पहिला उपाय फुकटचा आहे. उबुंटू-मिंट जुना कर्नल लगेच फेकत नाहीत. फेडोरा सहसा तीन ठेवते. मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरा, नव्या मशीनवर एस्केप दाबा, यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीचा कर्नल निवडा. बहुधा मशीन उठतं. आधी लोकांचे अर्ज भरा. मग बूटमध्ये जागा किती उरली ते बघा, अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण करा, शिदोरी नव्यानं बांधा, ग्रबची यादी ताजी करा. जागा करायला जुने कर्नल काढा, असा सल्ला मिळतो, तो अर्धाच खरा. ज्यावर आत्ता मशीन उठलं तोच काढून टाकणारे आम्ही पाहिले आहेत.

जुना कर्नल दर वेळी वाचवतोच असंही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० डाउनलोडवरून मागं घ्यावं लागलं, कारण त्यातला एक ड्रायव्हर काही लेनोवो लॅपटॉपचं बायोसच बिघडवत होता. असे प्रसंग थोडे.

सुधारणा होते आहे, हेही सांगू. लिनक्स ६.१० पासून पॅनिकसाठी वेगळा, वाचता येईल असा पडदा आला, ६.१२ मध्ये त्यावर क्यूआर कोड दाखवायची सोय झाली. मोबाइल आज सगळ्यांकडे आहे, तेव्हा कल्पना चांगली. पण कोड उघडल्यावर आत पुन्हा त्याच इंग्रजी नोंदी. ‘तुमच्या फायली जागेवर आहेत’ हे वाक्य अजून नाहीच.

मग अपडेट करावंच का? करावं. त्यात सुरक्षेची भगदाडं बुजवलेली असतात. पण मुदतीच्या आठवड्यात करू नका, इन्व्हर्टर किंवा लॅपटॉपची बॅटरी असताना करा, आणि केल्यावर त्याच दिवशी रीस्टार्ट करून बघा. आपल्याकडे मशीन पंधरा-पंधरा दिवस चालूच ठेवतात. मग लाइट जाते, मशीन उठत नाही, आणि दोष लाइटला. चालता कर्नल कोणता होता, तो आकडा वहीत लिहून ठेवा; यादीत दोन नावं समोर आली की तोच शोधायचा असतो.