गंगाराम तांबट: ‘वेल्सचा शिष्य’ हे विधान तपासताना

पेशवाईतल्या चित्रकलेवर वाचायला लागलात की एक ओळख पुन्हापुन्हा भेटते: गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट, म्हणजे पुण्यात जेम्स वेल्सच्या हाताखाली तयार झालेला चित्रकार. वाक्य सुटसुटीत आहे, म्हणूनच तपासायला हवं. त्यासाठी दोन तारखा पुरतात.

वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईला आला, मग पुण्याला. आता अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रातलं गंगारामचं गेंड्याचं चित्र बघा. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या या गेंड्याच्या चित्राची तारीख आहे नोव्हेंबर 1790. म्हणजे वेल्स मुंबईत उतरण्याआधीच गंगाराम समोरचा प्राणी बघून चित्र काढत होता.

पण इथे घाई करू नका. यावरून ‘वेल्सने त्याला काहीच शिकवलं नाही’ असं सिद्ध होत नाही. पुढे दोघांनी एकत्र काम केलं, हे खरंच आहे. तारीख एवढंच सांगते की त्याची सुरुवात वेल्सपासून झाली नाही. ‘शिष्य’ऐवजी ‘सहकारी’ लिहिलंत तर पुराव्याच्या आत राहाल.

हा शब्दांचा कीस नाही, कारण श्रेय अशा शब्दांवरूनच ठरतं. वेल्स 1795 मध्ये वारला. वेरूळच्या लेण्यांची मोठी चित्रमालिका 1803 मध्ये लंडनला निघाली, तेव्हा शीर्षकात नावं होती वेल्स आणि थॉमस डॅनियल यांची. लेण्यांमध्ये राबलेला गंगाराम तिथे नाही. एकदा ‘शिष्य’ म्हटलं की ही गैरहजेरी आपल्याला खटकतही नाही.

दुसरं टोकही टाळा, म्हणजे रिकाम्या जागा कल्पनेने भरणं. चीनच्या सोंग काळातला झांग झेदुआन घ्या. नदीकाठच्या गजबजलेल्या शहराची त्याची गुंडाळी पाच मीटरहून लांब आहे, जगभर गाजलेली. पण चित्रकाराच्या आयुष्याची माहिती जवळपास सगळी त्याच गुंडाळीवरच्या 1186 मधल्या एका छोट्या टिपणातून येते, तेही राजधानी पडून साठेक वर्षं झाल्यावरचं. त्याचं ‘जीवन आणि कार्य’ असं प्रकरण लिहायला घेतलं तर ‘जीवन’ एका परिच्छेदात संपेल. संपू द्या.

गंगारामचंही तसंच. ‘तांबट’ या आडनावावरून त्याचं बालपण रचू नका. ‘दरबारी चित्रकार’ लिहिण्याआधी विचारा: गेंडा पेशव्यांचा, पण चित्र कोणासाठी? पुण्यातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट हा त्याचा मोठा आश्रयदाता होता. मग दरबार नक्की कोणाचा?

येलच्या संग्रहातली चित्रं ऑनलाइन फुकट बघता येतात. अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये बसून मी तेच करतो. तुम्ही एक तक्ता करा: चित्रावरची तारीख, चित्र कोणासाठी, आणि नंतरच्या लेखकांनी लावलेलं लेबल. पहिले दोन रकाने भरेपर्यंत तिसऱ्यातला एकही शब्द सिनॉप्सिसमध्ये घेऊ नका.