स्पोन्सियानचं नाणं: माती एक सांगते, ठसा दुसरं

आज एकाच नाण्यापाशी थांबूया. १७१३ मध्ये ट्रान्सिल्व्हानियातून आलेल्या सोन्याच्या काही रोमन नाण्यांची नोंद व्हिएन्नाच्या शाही संग्रहात झाली. त्यांतल्या काहींवर नाव आहे स्पोन्सियान. पंचाईत अशी, की या नावाचा सम्राट रोमच्या एकाही इतिहासकाराने सांगितलेला नाही. १९व्या शतकात ऑंरी कोएन यांनी ही नाणी बनावट ठरवली आणि विषय मिटला.

२०२२ मध्ये पॉल पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा काढला. ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातलं नाणं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. वापराने पडावेत तसे ओरखडे दिसले, पृष्ठभागावर घट्ट चिकटलेली माती दिसली. निष्कर्ष: नाणं अस्सल. स्पोन्सियान हा २६० च्या सुमारास रोमपासून तुटलेल्या डेशिया प्रांतातला सेनापती असावा.

प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. तक्रार आहे ती पुढच्या उडीबद्दल. माती फार तर सांगेल की नाणं जमिनीत होतं. ते कोणी पाडलं, हे माती कशी सांगणार? आणि ओरखड्यांचं म्हणाल, तर नवं नाणं जुनं भासवायला घासतातच की!

म्हणून नाणं ओळखायची आपली नेहमीची पद्धत लावून बघू. पहिलं, घडण. रोमन टांकसाळीत सोन्याचं नाणं ठसा मारून पाडत. हे साच्यात ओतलेलं आहे. दुसरं, लेख. सम्राटाचं नाव बहुधा प्रथमा विभक्तीत येतं, कधी चतुर्थीत. इथे आहे षष्ठी, ‘सम्राट स्पोन्सियानचा’. त्याचा काय, ते नाणं सांगत नाही! तिसरं, मागची बाजू. स्तंभ आणि दोन माणसं हे चित्र इसवीसनापूर्वी १३५ मधल्या मिनुकियस ऑगुरिनसच्या चांदीच्या नाण्यावरून उचललंय. त्यावरची ‘सी ऑग’ ही अक्षरंसुद्धा जशीच्या तशी. तिथे तो ‘गायस ऑगुरिनस’चा संक्षेप होता, इथे सम्राटाच्या नाण्यावर ‘ऑगस्टस’ वाचावा म्हणून कोणी तो ठेवला असेल, तर ती चूक बोलकी आहे.

अभ्यासकांचं उत्तर आहे: एकाकी प्रांत, अडाणी कारागीर. होऊ शकतं. पण मग प्रत्येक विसंगती पुरावाच ठरते आणि कुठलंच नाणं कधी बनावट ठरणार नाही. त्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे: फसवणारा माणूस अनोळखी नाव कशाला निवडेल? यावर आम्ही एवढंच म्हणू, की दुर्मीळ वस्तूंच्या हौशी संग्राहकाला न ऐकलेलं नावच जास्त मोहात पाडतं.

नाण्यावरून इतिहासात सम्राट वाढवणं ही लहान गोष्ट नाही. पाठ्यपुस्तकं बदलतात, डेशियाचे नकाशे बदलतात. म्हणून आमची मागणी साधी आहे. नोंद ठेवून केलेल्या उत्खननात असं एक तरी नाणं निघू द्या. तोवर स्पोन्सियानच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह पुसायची घाई नको.