लीलावतीच्या लेकी आणि शाळेचे दार

फेब्रुवारी महिन्यात शाळांच्या फलकांवर विज्ञानाच्या दोन तारखा लिहिल्या जातात. ११ फेब्रुवारी हा विज्ञानातील स्त्रिया व मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ साली तो ठरवला. २८ फेब्रुवारी हा आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली या दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लावलेल्या शोधाची ती आठवण. पहिल्या दिवशी एखादी विद्यार्थिनी कमला सोहोनींवर भाषण करते, दुसऱ्या दिवशी एखादा विद्यार्थी रामन यांच्यावर. दोन्ही भाषणांना टाळ्या मिळतात. पण ज्या रामन यांनी कमलाबाईंना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता, तेच हे रामन, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सहसा कोणी काढत नाही.

अशा भाषणांची तयारी करताना शिक्षकांच्या हाती अनेकदा एक इंग्रजी पुस्तक येते : ‘लीलावतीज डॉटर्स’, म्हणजे लीलावतीच्या लेकी. बंगळूरच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसने २००८ साली ते काढले. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी हे त्याचे संपादक. सुमारे शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची छोटी आत्मकथने व चरित्रे त्यात आहेत. जानकी अम्माल, अॅना मणी, इरावती कर्वे यांच्यासारख्या मागच्या पिढीतील स्त्रिया आहेत, तशाच आज प्रयोगशाळांत काम करणाऱ्याही आहेत. शाळेच्या ग्रंथालयात हे पुस्तक असावे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ते वर्गात कसे वापरावे हा. त्यासाठी पुस्तकाचे गुणदोष नीट पाहायला हवेत.

आधी नावाविषयी. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ ११५० सालचा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, त्यामुळे महाराष्ट्राला हे नाव जवळचे वाटते. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकला आणि वडिलांनी तिच्या सांत्वनासाठी ग्रंथ लिहिला, ही कथा आपण मुलांना रंगवून सांगतो. ती कथा १५८७ साली फैजीने केलेल्या फार्सी भाषांतरात येते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चार शतकांनी. पण इतिहास बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ग्रंथात मुलीला लाडाने हाक मारून प्रश्न विचारले जातात, मात्र तिने दिलेले उत्तर कुठेच नाही. लीलावती ऐकते, सोडवताना दिसत नाही. ज्या स्त्रियांनी स्वतः प्रश्न विचारले आणि स्वतः उपकरणे बांधली, त्यांना तिच्या लेकी म्हणणे मला थोडे अपुरे वाटते. पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची उपकरणे देशातच तयार व्हावीत म्हणून झटणाऱ्या अॅना मणी या त्या अर्थाने लीलावतीच्या लेक नव्हत्या.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पुस्तकातील अनेक लेखांत आभारांचा सूर आहे. वडिलांनी शिकू दिले, पतीने समजून घेतले, सासूबाईंनी मूल सांभाळले, मार्गदर्शक उदार होते. हे सारे खरेच असणार. पण असे चार-पाच लेख सलग वाचले की लक्षात येते की बहुतेक ठिकाणी दार उघडले ते एखाद्या माणसाच्या चांगुलपणामुळे, संस्थेच्या नियमामुळे नव्हे. वर्गातल्या ज्या मुलीचे वडील तसे नाहीत तिने हे वाचून काय करायचे? अशा चरित्रांचा सारांश आपण ‘जिद्द असेल तर सर्व शक्य आहे’ असा काढतो. त्याचा दुसरा अर्थ मुली बरोबर ओळखतात : तुला जमले नाही तर तुझीच जिद्द कमी पडली.

तिसरा मुद्दा कोणत्याही वैज्ञानिकाला चटकन सुचेल असा आहे. हा नमुना निवडक आहे. यात पोहोचलेल्यांचीच कथने आहेत, वाटेत थांबलेल्यांची नाहीत. उगवलेल्या रोपांचीच पाहणी करून बियाण्याबद्दल निष्कर्ष काढावा, तसे हे होते. मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रोहिणी गोडबोले यांना ही उणीव दिसत होती. २०१० साली अनिता कुरूप आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एक अहवाल तयार केला. त्यात डॉक्टरेट मिळवूनही संशोधनात नसलेल्या स्त्रियांना आणि तुलनेसाठी पुरुष वैज्ञानिकांनाही प्रश्न विचारले होते. ‘बायका घरासाठी विज्ञान सोडतात’ हे सोपे उत्तर त्या अहवालाने तपासायला घेतले. नोकरीच न मिळणे, कामाच्या जागी सोयी नसणे, ही कारणे त्यातून पुढे आली. पुस्तक आणि अहवाल शेजारी ठेवून वाचले तर पुस्तकाची किंमत वाढते.

आता कमला सोहोनींकडे वळू. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी घेऊन कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक रामन यांनी नकार दिला. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचे, आणि प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. वर्षभरानंतर त्यांचे काम मान्य झाले आणि पुढे इतर मुलींनाही संस्थेत प्रवेश मिळू लागला. १९३९ साली केंब्रिजमधून वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा आणि कडधान्यांच्या पोषणमूल्यांवर काम केले, त्या संस्थेच्या संचालक झाल्या. रामन यांनी केलेला तो अपमान विसरता आला नाही, असे उतारवयात त्यांनी जाहीरपणे सांगितले. १९९८ साली त्या गेल्या.

शाळेत या कथेतला ‘नकार आणि विजय’ एवढाच भाग सांगितला जातो. त्या तीन अटी मात्र गाळल्या जातात, आणि शिकण्यासारखे त्यातच आहे. तिसरी अट पुन्हा वाचा. लक्ष विचलित होणार पुरुषांचे, आणि ते होऊ नये याची जबाबदारी मात्र मुलीची. मुलींनी मुलांच्या बाकाकडे जाऊ नये, प्रदर्शनाच्या तयारीसाठी संध्याकाळी थांबू नये, या आजच्या शाळांतील सूचना त्याच अटीच्या नाती-पणती आहेत.

याउलट दार नियमाने उघडल्याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे, आणि ते स्वतः गोडबोले यांच्या शालेय जीवनाला लागून आहे. त्यांचा जन्म १९५२ सालचा, शाळा पुण्यातील मुलींची मराठी माध्यमाची. सातवीपर्यंत शाळेत विज्ञानाऐवजी गृहविज्ञान होते, शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी विज्ञान वेगळे शिकावे लागले, असे त्यांनी सांगितले आहे. त्याच सुमारास, १९६२ साली, हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय समिती नेमली गेली. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, हा तिचा विषय होता. शाळेच्या पातळीवर असा भेद नको, असे समितीने सांगितले. त्यानंतर १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना आवश्यक असावे अशी शिफारस केली. दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलीच्या दप्तरात आज विज्ञानाचे पुस्तक असते. ते कोणत्याही थोर चरित्रामुळे आलेले नाही, अहवालांतील या कोरड्या परिच्छेदांमुळे आले आहे. या दिवशी हंसा मेहतांवर भाषण का होत नाही?

आमच्या पालघर जिल्ह्यातले एक उदाहरण याहून बोलके आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ साली सुरू केलेले काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतल्या मुली शाळेत येत नसत. कारण साधे होते : धाकटे भावंड त्यांच्या कडेवर असे. पालकांना उपदेश करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ त्यांनी उभी केली. भावंड पाळणाघरात, मुलगी वर्गात. मुलीची जिद्द वाढवायच्या फंदात न पडता त्यांनी तिच्या कडेवरचे ओझे उतरवले.

आता प्रयोगशाळेत येऊ, कारण आपल्या हातातले दार ते आहे. मी माणिकपुरात राहते. येथील एका शाळेत नववीच्या प्रात्यक्षिकाला बसले होते. विषय ओहमचा नियम. पाच-सहा जणांचे गट. मुले तारा जोडत होती, व्होल्टमीटर वाचून आकडे सांगत होती. मुली जर्नलमध्ये तक्ता भरत होत्या आणि आलेख काढत होत्या. बाईंचा हेतू मुळीच वाईट नव्हता. ‘मुलींचे अक्षर चांगले असते’, असे त्या कौतुकाने म्हणाल्या. एका गटात अॅमीटरचा काटा उलट्या बाजूला गेला, तेव्हा टोके अदलाबदल करायला मुलगाच पुढे आला. मुलींच्या वह्यांतले आलेख सुरेख होते. पण काटा उलटा गेला तर काय करायचे हे वहीतून येत नाही, हाताने केल्यावरच येते. हे एका शाळेचे चित्र नाही. मी पाहिलेल्या अनेक शाळांत कामाची वाटणी अशीच होती.

मुलींचा कल नसतो, हे स्पष्टीकरण वसईत तरी कोणी देऊ नये. पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या इथल्या बायका भाव, घट, उधारी आणि नफा यांचा तोंडी हिशेब पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. ‘लीलावती’मध्येही खरेदी-विक्री आणि व्याजाची गणिते आहेत. ग्रंथात आली की ती गणित ठरतात, टोपलीपाशी झाली की व्यवहार.

पाठ्यपुस्तकांबद्दलही दोन शब्द. मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर हुंडा जास्त द्यावा लागतो, असा मजकूर बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात होता. २०१७ साली त्यावर टीका झाली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र आले. हा बदल योग्य वयात आला आहे. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली ‘खूप हुशार’ म्हणून आपल्याच गटाकडे बोट दाखवत होत्या, सहा-सात वर्षांच्या मुली तसे कमी वेळा करत होत्या. म्हणजे नववीत चरित्र सांगेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पण चित्र बदलून प्रयोगशाळेतली वाटणी तीच राहिली, तर मुले चित्रापेक्षा वाटणीवरच विश्वास ठेवतील.

तेव्हा शिक्षकांनी काय करावे? एक छोटी पाहणी सुचवते. पुढच्या दहा प्रात्यक्षिकांसाठी एका कागदावर चार रकाने आखा : जोडणी कोणी केली, मापन कोणी वाचले, नोंद कोणी केली, आवराआवर कोणी केली. प्रत्येक गटासाठी फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशी खूण करा. पहिल्या पाच तासांत काहीही बदलू नका, कोणाला सांगूही नका. सहाव्या तासापासून कामे पाळीपाळीने फिरतील असा तक्ता भिंतीवर लावा आणि पुन्हा नोंद करा. पहिल्या पाच तासांचे आकडे शिक्षकसभेत मांडा. ‘आमच्याकडे भेदभाव नाही’ हे वाक्य तपासण्याची ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. पाहणीच्या शेवटी वर्गातल्या प्रत्येक मुलीकडून एकदा तरी एकटीने परिपथ जोडून घ्या, काटा उलटा जाऊ द्या, आणि मदतीला कोणाला धावू देऊ नका.

चरित्रे सांगू नयेत असे मी म्हणत नाही. ‘लीलावतीज डॉटर्स’ जरूर वाचा, त्यातला एखादा लेख मराठीत सांगा. मात्र सांगताना वर्गाला तीन गोष्टी शोधायला लावा : या स्त्रीच्या वाटेत नेमका कोणता नियम किंवा रिवाज आडवा आला, तो कोणी हलवला, आणि तिच्यानंतर आलेल्या मुलीला पुन्हा तेवढेच झगडावे लागले का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘हो’ असे येईल. मग मुलांनाच विचारा, आपल्या शाळेत असे काय आहे. २८ फेब्रुवारीला रामन यांच्या शोधाबरोबर त्या तीन अटीही फळ्यावर लिहा. शोधाचे मोल त्याने कमी होत नाही, आणि एवढा मोठा वैज्ञानिकही कुठे चुकू शकतो, हे मुलामुलींना एकत्र बसून पाहता येते.