गिअरबॉक्सची अडत

राळेगाव आगारातून यवतमाळची एसटी सुटायच्या आधी मी चालकामागची जागा धरतो. गिअरबॉक्स ऐकायचा तर तिथूनच. मागच्या बाकांवर पत्र्यांच्या खडखडाटात तो हरवतो.

सुरुवात रिव्हर्सने. फलाटावरून मागे निघताना चढा, एकसुरी आवाज लागतो, तो बहुधा सरळ दात्यांचा. सरळ दाता आपल्या पूर्ण रुंदीनिशी दुसऱ्यावर एकदम पडतो, म्हणून ओरडतो. पुढचे गिअर तिरक्या दात्यांचे. एक दाता सुटायच्या आत दुसरा अलगद लागलेला असतो. पण तिरका दाता शाफ्टला बाजूलाही रेटतो आणि तो रेटा बेअरिंगला सोसावा लागतो. म्हणजे कमी बोलणारा गिअर किंचित जास्त खातो! मला हे फार आवडतं.

पहिल्या गिअरमध्ये शक्ती दोन जोड्या ओलांडते: इनपुट शाफ्टवरून काउंटर शाफ्टवर, तिथून मेन शाफ्टवर. दर जोडीला साधारण 1 टक्का जातो. वेग देऊन जोर घ्यायचा, त्यावर ही अडत. कापसाच्या गावाला हे समजावून सांगायला नको.

गाडी कळंबच्या रस्त्याला लागते. वरचा गिअर ‘डायरेक्ट’ असेल, तर इनपुट आणि मेन शाफ्ट थेट जोडले जातात आणि भार एकाही दात्यावर उरत नाही. या मैफलीतली सर्वांत सुंदर जागा वाद्य बाजूला सरतं तीच. काउंटर शाफ्ट मात्र रिकामाच फिरत, तेल घुसळत राहतो. गाडी भरलेली असो की रिकामी, घुसळणं तेवढंच. म्हणून रिकाम्या गाडीला ते प्रमाणाने जास्त लागतं. डिसेंबरच्या पहाटे तेल घट्ट असतं, तेव्हा तर आणखी.

तरी चांगला मॅन्युअल गिअरबॉक्स 100 तले 95 हून जास्त पुढे देतो. त्याहून मोठी अडत बरेचदा मागच्या एक्सलमध्ये बसते, जिथे शक्ती काटकोनात वळते.

काव्यमीमांसक आनंदवर्धनाने न बोललेल्या अर्थाला ध्वनी म्हटलं. इथेही न बोललेलंच मोठं: आवाजात जाणारी शक्ती नगण्य. खरी गळती मुकी, उष्णतेची. वंगण सुकलेली बंडी निदान कुरकुरून सांगते. गिअरबॉक्स सांगत नाही. यवतमाळला प्रवासी उतरून जातात, इंजिन बंद होतं, आणि गाडीखाली ते लोखंडी घर बराच वेळ तापलेलं राहतं.