शेपटीचा पंखा कुठल्या बाजूला?

गडचिरोलीत निवडणूक आली की फोनवर एक ठरलेला फोटो येतो. मैदानात उभं हेलिकॉप्टर आणि पेट्या घेऊन त्याच्याकडे निघालेले मतदान कर्मचारी. फोटो यंदाचा की जुना, इथला की बस्तरचा, हे कुणी विचारत नाही. हेलिकॉप्टर म्हणजे हेलिकॉप्टर. माझं भांडण या 'म्हणजे'शी आहे.

हवाई दलाचं एमआय-8 आणि त्याच्यापासूनच घडलेलं एमआय-17 घ्या. तेच पोट, तीच गोल खिडक्यांची रांग, वर तीच पाच पाती. सगळ्यात सोपी खूण शेपटीला आहे. एमआय-8 चा मागचा छोटा पंखा उजव्या बाजूला, एमआय-17 चा डाव्या. इंजिनं जास्त ताकदीची आली, तेव्हा पंखाही बाजू बदलून बसवला.

ओळख पटवणारे तक्ते नेटवर ढिगाने आहेत, पण बहुतेक 'फरक ओळखा' छापाचे. शेजारी शेजारी दोन चित्रं आणि चार बाण. डावी बाजू कुणाची, बघणाऱ्याची की यंत्राची, हे ते सांगतच नाहीत. हेलिकॉप्टर डोक्यावरून पुढे निघून गेलं तर त्याचं डावं तेच आपलं डावं. समोरून येत असेल तर नेमकं उलट.

ही अडचण मूर्तिशास्त्राने केव्हाच सोडवली आहे. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठावर मंदिराच्या भिंतींवर मूर्तींची दाटी आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळ्या सारख्याच वाटतात. तिथे उभं राहून मूर्ती बघायची सवय लावायची तर विष्णूचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ. चार हात, शंख, चक्र, गदा, पद्म. कुठल्या हातात काय, यावरून केशव, नारायण, माधव अशी नावं ठरतात. चार वस्तू चार जागी ठेवायच्या रीती 24, आणि नावंही 24. एकही जागा रिकामी नाही. पण मोजणी सुरू होते मूर्तीच्या स्वतःच्या उजव्या हातापासून, आपल्या नव्हे. आधी बाजू कुणाची ते ठरवायचं, मग खूण बघायची.

आता तोच फोटो पुन्हा उघडा. मथळ्याला जागा हवी म्हणून डिझाइन करणारा चित्र आडवं उलटवतो. त्याला वाटतं, काय बिघडलं? मूर्तीचा फोटो असा उलटवला तर विष्णूचं नाव बदलतं, कारण प्रत्येक मांडणीला आधीच दुसरं नाव दिलेलं आहे. आणि एमआय-17 उलटवलं की शेपटीपुरतं ते एमआय-8 होतं. हवाई दलाने एमआय-8 डिसेंबर 2017 मध्ये निवृत्त केलं. म्हणजे 19 एप्रिल 2024 च्या गडचिरोली-चिमूरच्या मतदानाच्या बातमीत हवाई दलाच्या हेलिकॉप्टरचा पंखा उजवीकडे दिसला, तर फोटो एक तर जुना, नाहीतर उलटवलेला. अंगावरचे अंक वाचा. तेही उलटे असतील तर उत्तर मिळालं. सरळ असतील तर फोटो त्या दिवसाचा नाही.

सगळ्याच जोड्या इतक्या अवघड नसतात. चेतक आणि चीता दोन्ही मूळ फ्रेंच, दोन्ही हिंदुस्तान एरोनॉटिक्सने इथे बांधलेली. इंजिनही एकाच घराण्यातलं. पण चेतकला तीन चाकं आणि झाकलेली शेपटी; चीत्याला खाली आडव्या दांड्या, पुढे काचेचा फुगा आणि मागे शिडीसारखी उघडी जाळी. इथे उलटा फोटोही फसवू शकत नाही. फसवतात ती नावं. नवं इंजिन बसवल्यावर चेतकचं चेतन झालं आणि चीत्याचं चीतल. बातमी घाईत टाइप करणाऱ्याची काय अवस्था होत असेल!

कुणी म्हणेल, मतदान झालं ना, पंख्याचं काय घेऊन बसलात? पण भामरागडच्या आतल्या गावात मतदानयंत्र कसं पोहोचलं, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्या एका फोटोतूनच कळतं. त्या दिवशी तिथे कोण उतरलं, कशातून उतरलं, याची त्याच्याकडे दुसरी नोंद नाही. तीच कुठल्या तरी दुसऱ्या दिवसाची असेल, तर आपण गडचिरोली बघितलेलीच नाही.

म्हणून फॉरवर्ड करण्याआधी फोटो दोन बोटांनी मोठा करा आणि थेट शेपटीकडे जा.