‘आभासी चलन’ : एका संज्ञेची चिकित्सा

बिटकॉइन आणि तत्सम व्यवस्थांसाठी मराठीत ‘आभासी चलन’ ही संज्ञा रूढ झाली आहे. प्रस्तुत निबंधात या संज्ञेचाच विचार करावयाचा आहे. प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. सर्वसामान्यांच्या मनातील शंका ज्या शब्दात बसते, त्या शब्दावर ती कोठे रोखली जाणार हे अवलंबून असते. आपल्याकडे ती चुकीच्या जागी रोखली गेली आहे आणि त्याची किंमत लोकांनी मोजली आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

प्रथम नाम. ‘चलन’ हा शब्द ‘चालणे’ या क्रियेला बांधलेला आहे. नाणे चालते किंवा चालत नाही. शिवराई इंग्रजी अमदानीतही महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत राहिली, कारण घेणारा ती घेत होता. ही कसोटी लावून पाहावी. वालावलहून कर्ली नदीच्या काठाने मालवणकडे गेले तर मासळी, नारळ, होडीचे भाडे यांचे पैसे आज मोबाईलवरून देता येतात. पण ते रुपयेच असतात. बिटकॉइन तेथे कोणी मागत नाही, कोणी देऊही करीत नाही. याचे कारण अज्ञान नव्हे. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर जाणार नाही अशी त्याची रचनाच आहे. जे उद्या महाग होईल असे वाटते, ते आज बांगड्यांच्या वाट्यासाठी कोण खर्च करील? शिवाय नोंदींचा नवा गठ्ठा सरासरी दहा मिनिटांनी पक्का होतो. मासळीबाजारात तेवढा वेळ कोणाला असतो?

समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र कोकणी वाचकाने गंभीरपणे ऐकावा असा आहे. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर या पट्ट्यातील कित्येक घरे उभी राहिली. दूरच्या कमावत्याने पाठविलेला पैसा मध्यस्थाची कपात न होता घरी पोहोचावा, ही अपेक्षा येथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. एल साल्वादोर या परदेशस्थांच्या पैशांवर जगणाऱ्या देशाने नेमक्या याच आशेने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. लोकांनी डॉलरच वापरले. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती काढून टाकावी लागली. कायद्याने नाव दिले, तरी नाणे चालले नाही.

आता विशेषण. आभास म्हणजे जे नाही ते असल्यासारखे वाटणे. बिटकॉइनची खातेवही जानेवारी २००९ पासून जगभरच्या असंख्य संगणकांवर एकाच वेळी लिहिली जात आहे. ती नोंद आभास नाही. हाताला लागत नाही म्हणून आभासी म्हणावे, तर बँकेतील ठेवही नोंदच असते. आपल्या पेढ्यांवरील शहाजोग हुंडी हा कागदच होता. पण ती पटविणारा ‘शहा’, म्हणजे बाजारात पत असलेला माणूस, असावा लागे. पैशाच्या अमूर्ततेची सवय आपल्याला जुनी आहे. (काही जण ‘कूटचलन’ असा पर्याय सुचवितात. त्यांना सांकेतिक लिपी अभिप्रेत असते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कूटरूप’ म्हणजे खोटे नाणे. परिभाषा घडविणाऱ्यांना हा श्लेष अभिप्रेत नसावा.)

‘आभासी’ या शब्दाने काय झाकले जाते, हे पुण्यात तपासल्या गेलेल्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात दिसते. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्ये, देण्याचे आश्वासन होते. नवे सभासद आणणाऱ्याला दलाली होती. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी योजनेच्याच ‘एमकॅप’ नावाच्या टोकनमध्ये दिला जाऊ लागला. त्याचे बाजारमूल्य नगण्य होते. सूत्रधार अमित भारद्वाज यांना २०१८ मध्ये अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले. या साऱ्या काळात बिटकॉइनच्या खातेवहीत काहीही बिघडले नव्हते. फसवणूक वहीबाहेर, अगदी ओळखीच्या वाटेने झाली : नातेवाईक, मित्र, हॉटेलातील सभा, ठरावीक परतावा. पॅनकार्ड क्लब्जने सुमारे ५१ लाख गुंतवणूकदारांकडून सात हजार कोटींहून अधिक रुपये गोळा केले होते. सेबीने त्या कंपनीविरुद्ध २०१४ मध्ये आदेश दिला, तेव्हा त्या व्यवहारात संगणकी नाणे नव्हते. हॉटेलच्या खोल्या होत्या. ज्यांनी ‘आभासी’ म्हणून नाक मुरडले त्यांना हा सारखेपणा दिसला नाही, आणि ज्यांनी ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून पैसे गुंतविले त्यांनाही दिसला नाही.

याच प्रकरणाला आणखी एक उपकथानक आहे. तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. आरोपींच्या खात्यांतील नाणी परस्पर वळविल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. आरोपाचा निकाल काहीही लागो, विश्वासाची गरजच उरणार नाही हा या तंत्राचा मूळ दावा येथे लंगडा पडतो. चावी ज्याच्या हाती, नाणे त्याचे. आणि चावी माणसाच्याच हाती असते.

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय बाजारमंचावरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली. ग्राहकांचे व्यवहार गोठले. परतफेडीच्या योजनेला मान्यता मिळाली ती सिंगापूरच्या न्यायालयात, आणि मंच पुन्हा सुरू होण्यास २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आरंभी ठेवीदाराला एक हजार रुपयेच काढता येत होते. हाल कमी झाले नाहीत. तरीही रिझर्व्ह बँकेचे दार ठोठावता येत होते, आणि फेब्रुवारी २०२० पासून ठेवविम्याची मर्यादा पाच लाखांवर गेली. दोन्हीकडे नोंदच होती. फरक होता तो उत्तरदायित्वाचा.

शासनाची भाषा या बाबतीत वृत्तपत्रांहून सावध आहे. रिझर्व्ह बँकेचे ६ एप्रिल २०१८ चे निर्बंधक परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. त्यानंतर २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का उद्गम कर लावला. पण त्या तरतुदीत ‘चलन’ हा शब्द टाळून ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे म्हटले. नाम दुरुस्त झाले, विशेषण तसेच राहिले. कर घेतला म्हणजे मान्यता दिली, हा समज मात्र चांगल्या शिकलेल्यांतही आढळतो. आयकर अवैध उत्पन्नावरही लागतो, हे वाणिज्य शाखेच्या आपल्या सहकाऱ्यांनी वर्गात सांगावयास हवे.

पर्याय म्हणून ‘सांकेतिक मत्ता’ ही संज्ञा सुचवाविशी वाटते. ती निर्दोष नाही. निदान मत्ता म्हटले की ती कोणाच्या ताब्यात आणि त्याच्या पश्चात कोणाची, हे प्रश्न आपोआप येतात. कोकणात सातबाऱ्यावर सामाईक हिस्सेदारांची नावे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, वारसाच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालावे लागतात, दावे संपत नाहीत. पण नाव पुसले जात नाही. स्वतःच्या ताब्यातील बिटकॉइनची चावी कोणाला न सांगता मालक निवर्तला, तर वारसाकडे मृत्यूचा दाखला असतो आणि तो नेऊन द्यावा असे कार्यालय नसते.