सरासरीत काय बुडतं?

टाइम-सीरिज डेटा म्हणजे वेळेच्या शिक्क्यासह येणारे आकडे. त्यासाठी डेटाबेस निवडायचा म्हटलं, की तुलनेचे तक्ते पुढे येतात. सेकंदाला किती नोंदी लिहितो, डिस्कवर जागा किती खातो. माझा आक्षेप असा, की हे तक्ते वेग मोजतात, विसरण्याची पद्धत मोजत नाहीत. आणि खरी निवड तिचीच असते.

टोबियस ओटिकर यांचं १९९९ मधलं आरआरडीटूल घ्या. फाइलचा आकार आधीच ठरलेला. नवी नोंद सर्वांत जुनीच्या जागी बसते, आणि जुना काळ सरासरी, किमान किंवा कमाल अशा ठोकळ रूपात उरतो. नेटवर्कच्या आलेखाला हे उत्तम. पण समजा, विजेचा मीटर दर पंधरा मिनिटांनी आकडा देतो. दिवसाचे ९६. त्यातले ९५ आकडे १, आणि एकच ९७. सरासरी किती? २! आता वायर तापली असेल ती त्याच पंधरा मिनिटांत. कमाल आकडा ठेवलात तर 'किती' कळेल, 'नेमकं कधी' ते नाही.

डेटा आवळून ठेवणं म्हणजे मात्र विसरणं नव्हे. फेसबुकच्या 'गोरिला'वरचा २०१५ चा शोधनिबंध बघा. १६ बाइटची नोंद सरासरी १.३७ बाइटांत बसवली, तीही आकडा न बदलता. पण यंत्रणा चालू राहावी म्हणून लिहिताना थोड्या नोंदी गळाल्या तर चालतील, हेही त्यात मान्य केलंय. सर्व्हरची प्रकृती पाहायला ते चालतं. ग्राहकाच्या बिलाला नाही. प्रोमिथियसची कागदपत्रं तर स्पष्टच सांगतात, की बिलासारखी शंभर टक्के अचूकता हवी असेल तर हे साधन घेऊ नका. वेगळी मुदत दिली नाही, तर ते १५ दिवसांचाच डेटा ठेवतं.

नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत, कारण ती आधीच्या अनुभवाच्या आधारावर उभी असते. सरासरीचंही तसंच आहे. मूळ नोंद पुसली, की पडताळ्याची वाट बंद.

म्हणून क्रम उलटा करा. उद्या या आकड्यावरून वाद झाला, तर कोण कुठली नोंद मागेल, हे आधी ठरवा. पोस्टग्रेसवर उभं असलेलं टाइमस्केलडीबी घेतलंत तर व्यवहाराची हमी मिळेल. पण जुनं कधी पुसायचं, हा नियम तिथेही तुम्हीच लिहिणार आहात. तो लिहून झाला, की मग खुशाल तक्ते उघडा.